एकदाच करायचंय ना!

मागच्या वर्षी श्रावणात एका दुपारी ताईकडे गेले, तर भाऊजी हॉलच्या मधोमध उभे राहून आंघोळ करत होते. कोरडी. अंगात सदरा-लेंगा, नाकावर चष्मा, सगळं जागच्या जागी. फरशीवर रांगोळीने ३ फूट बाय ३ फुटांचा चौकोन आखलेला, त्यात भाऊजी उभे आणि हातात नसलेला साबण पाठीला लावणं चाललेलं. डावं कोपर रेघेबाहेर गेलं तसे थांबले, टेपने अंतर मोजलं आणि मला म्हणाले, "सव्वा इंच. काच असती तर ठेच लागली असती. बरी आलीस. ये आत, केस धुवून दाखव."

मी ताईकडे पाहिलं. ती घेवड्याच्या शिरा काढत बसली होती. "जा गं," ती म्हणाली, "काल कुरियरवाल्यालाही उभं केलं होतं. आणि जावयांना दोनदा."

मग मीही पदर खोचून त्या चौकोनात उभी राहिले आणि कोरड्या केसांना नसलेली शिकेकाई चोळली. भाऊजी माझ्याभोवती टेप घेऊन प्रदक्षिणा घालत होते. शेवटी त्यांनी वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं : "स्त्रियांची कोपरं वर जातात, पुरुषांची बाजूला. हे एकाही कॅटलॉगमध्ये दिलेलं नाही!" न्यूटनने सफरचंद पडताना पाहिलं तेव्हा तोसुद्धा इतका खूश झाला नसेल.

हे सगळं शॉवर एन्क्लोजरसाठी. म्हणजे बाथरूममध्ये आंघोळीपुरता काचेचा आडोसा, पाणी आतल्या आत राहतं, बाकीची फरशी कोरडी. ताईच्या सासूबाई त्याला 'मखर' म्हणतात. घरोघरी लोक दुकानात जातात, दोन-तीन नमुने बघतात, भाव करतात, पंधरा दिवसांत माणूस येऊन काच बसवून जातो. भाऊजींना चौदा महिने लागले.

असा एक माणूस प्रत्येक घराण्यात असतो. त्याला वस्तू हवी असते हे खरं, पण वस्तूपेक्षा तिची चौकशी जास्त हवी असते. भाऊजींचं ब्रीदवाक्य म्हणजे, "एकदाच करायचंय ना, मग नीट करू." त्यांनी पंखा एकदाच घेतला, कुकर एकदाच घेतला आणि लग्नही एकदाच केलं, त्यालाही साखरपुड्यानंतर अकरा महिने लावले होते. ताई म्हणते, "मला नाकारलं नाही, पण ऑर्डरही देईनात." दुसरं वाक्य दुकानदारांसाठी राखीव : "आज घ्यायचं नाहीये, नुसतं बघायचंय." हे ते आत शिरतानाच सांगतात, प्रामाणिकपणे. दुकानदाराला वाटतं, सगळेच असं म्हणतात. इथे त्याची फसगत होते.

नोकरीचा भागही आहेच. चौतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला. समोर आलेला तुकडा मापायचा, नापास करायचा, कारण लिहायचं. निवृत्त झाल्यावर तुकडे येणं थांबलं, मापणं थांबलं नाही. व्हर्निअर अजून त्यांच्या कापडी पिशवीत असतो. सोबत टेप, एक लोहचुंबक, एक गोटी आणि लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू शिवून केलेली वही. गोटी ढाळ बघायला. बाथरूमच्या फरशीवर ठेवली की ती नहाणी ट्रॅपकडे निघाली पाहिजे. ताईच्या बाथरूममध्ये ती कमोडकडे जाऊन थांबली. "तीस वर्षं आपण उलट्या ढाळावर राहतोय," असं ते जे म्हणाले, त्यात कवितेची व्यथा होती.

बाथरूम आहे ७ फूट बाय साडेचार. नव्वदच्या दशकातली इमारत, त्या काळच्या बिल्डरांना आंघोळ म्हणजे उभ्याने उरकायचं काम वाटत असावं. त्यात कमोड, बेसिन, गिझर, कपड्यांची दोरी आणि आता मखर. ताईने पहिल्याच आठवड्यात उपाय सांगितला होता : "अहो, एक पडदा लावा की प्लास्टिकचा. दोनशे रुपयांत काम होईल."

"पडदा अंगाला चिकटतो."

"मग लांब उभे राहा."

"साडेचार फुटांत लांब कुठे? आणि तो का चिकटतो हे माहितीय तुला?" मग त्यांनी सांगितलं, ते मला इतकं आवडलं की मी घरी येऊन तपासलं. खरं निघालं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या डेव्हिड श्मिट यांनी शॉवरच्या फवाऱ्याचं गणित संगणकावर मांडलं. पाण्याच्या धारांमुळे आतली हवा भोवऱ्यासारखी फिरते, भोवऱ्याच्या मध्याशी दाब कमी होतो आणि पडदा आत ओढला जातो. त्याबद्दल त्यांना २००१ साली इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. भाऊजींच्या तोंडून हे सगळं ऐकल्यावर ताई एवढंच म्हणाली, "बरं झालं, तिकडे अजून एक आहे."

पडदा बाद झाला आणि काचेचं पर्व सुरू झालं.

ही काच साधी चालत नाही, टफन्ड लागते. साधी काच ६०० अंशांच्या वर तापवतात आणि मग तिच्यावर गार हवेचे झोत सोडतात. बाहेरचा थर आधी थिजतो, आतला मागाहून आक्रसतो. मग बाहेरचा थर दाबाखाली आणि आतला ताणाखाली असा कायमचा संसार सुरू होतो. अशी काच साध्या काचेच्या चार-पाच पट दणकट असते, आणि फुटलीच तर सुऱ्यांसारखे तुकडे न होता बोथट खड्यांचा ढीग होतो. पण एकदा टफन झाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. जे काय कापायचं, छिद्रं पाडायची, ते आधी. "म्हणजे बघ," भाऊजी म्हणाले, "इथे चुकीला जागा नाही. मापात अर्धा सेंटिमीटर चुकलं की अख्खी काच भंगारात." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लाभलेल्या माणसाचा आनंद होता. इतकी वर्षं शोधत होते ती वस्तू, जिच्याबाबतीत घाई करणं हा खरोखरच गुन्हा आहे, ती अखेर सापडली होती.

दुकानातल्या त्यांच्या भेटी मी दोन-तीनदा पाहिल्यात. विक्रेता पोरगा कॅटलॉग उघडतो, हे व्हर्निअर उघडतात. "८ एमएम म्हणता, ७.७ भरतेय." पोरगा म्हणतो, एवढं चालतं साहेब. "चालतं हे मलाही माहितीय. तुम्हाला माहितीय का ते बघत होतो." मग ते खाली बसतात. काचेच्या कोपऱ्यात कोरलेला बारीक शिक्का बघायला. टफन्ड काचेवर बहुधा असा शिक्का असतो, आणि तो बघायची भाऊजींना सवय इतकी लागली की गेल्या मार्गशीर्षात एका लग्नाच्या हॉलबाहेर, झब्बा-जॅकेट घातलेले भाऊजी काचेच्या दारापाशी उकिडवे बसलेले दिसले. मुलीकडच्या दोघांनी धावत येऊन विचारलं, "काका, अंगठी हरवली का?" तेही शोधायला बसले. मग आणखी दोघे. शिक्का सापडल्यावर भाऊजी "आहे, आहे!" म्हणत उठले, आणि मंडळी "सापडली, सापडली" म्हणत आनंदाने पांगली. अंगठीचं काय झालं हे शेवटपर्यंत कुणी विचारलं नाही.

भाच्याचा पोलराइज्ड गॉगल त्यांनी याच काळात मागून घेतला. तो घालून टफन्ड काचेकडे तिरकं पाहिलं की तिच्यावर पुसट ढगाळ ठिपके किंवा पट्टे दिसतात. गार हवेच्या झोतांच्या खुणा त्या. गॉगल लावलेला सदुसष्ट वर्षांचा माणूस मान वाकडी करून बाथरूमच्या काचांकडे एकटक बघतोय, हे दृश्य पाहून एका दुकानातल्या मालकाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "सर कुठल्या कंपनीतून आलेत?"

लोहचुंबकाची गोष्ट मात्र त्यांच्या पराभवाची आहे. बिजागऱ्या चांगल्या स्टीलच्या हव्यात, ३०४ ग्रेडच्या, नाहीतर बाथरूमच्या दमटपणात गंजतात. चुंबक चिकटला नाही की माल चांगला, अशी भाऊजींची ठाम समजूत. सातव्या दुकानातल्या म्हाताऱ्या मारवाड्याने त्यांचा प्रयोग शांतपणे बघितला आणि म्हणाला, "साहेब, २०२ ला पण नाही चिकटत. ते हलकं असतं, पण चुंबकाला काय कळतंय?" दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. भाऊजी त्या माणसाशेजारी स्टूल घेऊन बसले. दीड तासाने उठले ते एक छोटी बाटली कुठे मिळते त्याचा पत्ता घेऊन. त्यातला थेंब स्टीलवर टाकायचा, हलक्या प्रतीच्या २०२ वर तो लालसर होतो. बाटली आणली, आणि बिजागरी हाताशी नव्हती म्हणून घरातल्या भांड्यांवर प्रयोग सुरू झाला. वाट्या पास. पातेली पास. ताईच्या रुखवतातला लाडवांचा डबा, ज्यावर आमच्या वडिलांनी तिचं नाव कोरून घेतलं होतं, तो लाल.

त्या रात्री ताईकडे स्वयंपाक झाला नाही. दुसऱ्या दिवशी भाऊजींनी मला फोन करून सांगितलं, "थेंब जुना असू शकतो. मी तो निकाल वहीतून काढलाय." चौतीस वर्षांच्या इन्स्पेक्शनमध्ये त्यांनी फिरवलेला हा एकमेव निकाल असावा.

एवढं सगळं कशासाठी, हे मला बऱ्याच उशिरा कळलं, तेही ताईकडून, ओट्यापाशी. आदल्या उन्हाळ्यात सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. सत्त्याऐंशी वय, मनगटावर निभावलं, सहा आठवडे प्लास्टर. सगळ्यांना एवढंच माहीत होतं. पण सासूबाईंची आंघोळ पहाटे पाचला होते, तेव्हा फरशी कोरडी ठणठणीत असते. भाऊजी निवृत्त झाल्यापासून अकराला आंघोळ करतात. त्या दिवशी ते बाहेर आले, आणि मागोमाग सासूबाई हात धुवायला आत गेल्या. "पाणी यांचं होतं," ताई म्हणाली. "ते बोललेले नाहीत एकदाही. मीही नाही."

तेव्हापासून मी त्यांच्या वहीकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले. दार सरकतं की उघडतं यावर त्यात बारा पानं आहेत. सरकत्या दाराच्या पन्हाळीत साबणाचा गाळ साचतो, म्हणून उघडतं दार. मग आत उघडणारं की बाहेर? एका चकचकीत शोरूममध्ये त्यांनी विचारलं होतं, "समजा आत माणूस पडला आणि दाराला टेकून पडला, तर आत उघडणारं दार बाहेरून कसं ढकलायचं?" टाय घातलेला मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "सर, असं कुणी विचारत नाही." भाऊजींनी वहीत लिहिलं : दार बाहेर. त्याखाली दोन रेघा.

बाहेर उघडणारं दार बेसिनला आपटतं. मग बेसिन सहा इंच सरकवायचं. मग आरसा. तुम्हाला वाटेल दिरंगाई, पण प्रत्येक पायरीला कारण होतं, आणि कारणाला पुन्हा पोटकारण. दाराचं वजन त्यांनी काढलं : काच जितके मिलिमीटर जाड त्याच्या अडीच पट किलो दर चौरस मीटरला, म्हणजे ८ एमएमचं दार सव्वीस किलोच्या आसपास. "तांदळाची गोणी," ते म्हणाले, "दोन बिजागऱ्यांवर टांगायची आणि रोज दहा वेळा हलवायची." सोसायटीला मेमध्ये टँकरचं पाणी येतं, त्याचे पांढरे डाग काचेवर बसतात, म्हणून त्यांनी शेजारीपाजारी नळाच्या पाण्यात क्षार मोजायचा मीटर बुडवून पाहिला. माझ्याकडे आले तेव्हा मी पाण्याचा पेला पुढे केला, तर त्यातही आधी मीटर आणि मग ओठ.

दाराखालच्या रबरी पट्टीवर तर दीड महिना गेला. पाण्याचा एक थेंब बाहेर येता कामा नये. १९६१ साली पानशेत फुटलं तेव्हा भाऊजी चार वर्षांचे होते, नारायण पेठेत. आईच्या कडेवरून आपण पुराचं पाणी उंबरा ओलांडताना पाहिलं, असं ते सांगतात. सासूबाई म्हणतात, "कुठला बघतोय! खांद्यावर डोकं टाकून झोपला होता." काही असो, उंबरा ओलांडणारं पाणी त्यांना सहन होत नाही. पट्टीखाली अर्ध्या इंचाचा ग्रॅनाइटचा उंबरा घ्यायचं ठरलं, तेव्हा आईला त्याची ठेच लागेल हे लक्षात आलं, आणि उंबरा गेला. मग ढाळच वाढवायचा. मग फरशी उखडायची.

तेराव्या महिन्यात सगळं जुळलं. हॉलमध्ये पुन्हा रांगोळी, या खेपेला हळदी-कुंकवाच्या रंगात, कारण अंतिम नकाशा. आम्ही सगळे जमलो. भाऊजींनी काचेची महती सांगायला सुरुवात केली. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की त्याला लांब शेपटी येते. त्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो फुटत नाही, पण शेपटी नुसती मोडली की अख्ख्याचा भुगा. सतराव्या शतकात इंग्लंडच्या राजदरबारी हा खेळ दाखवत. आपल्या काचेचंही मर्म तेच, मध्यावर भक्कम, कडेला नाजूक...

"आणि बादली रे?" सासूबाईंनी विचारलं.

हॉल शांत झाला.

"म्हणजे, पाणी कमी आलं की तू बादलीच घेतोस ना," त्या जपमाळ फिरवत म्हणाल्या. "बादली, तांब्या, पाट. मखरात बसतात का एवढे सगळे?"

चौदा शोरूम, दोनशे पानं, व्हर्निअर, गॉगल, इग नोबेल. एका शेपटीला टिचकी. भाऊजी रांगोळीकडे बघत राहिले. मग स्वयंपाकघरातून वीस लिटरची बादली घेऊन आले आणि चौकोनात ठेवली. पाट ठेवला. पाटावर बसले. गुडघे दोन्ही बाजूंनी काचेबाहेर.

ऑर्डर त्यानंतर पाच आठवड्यांनी गेली. ३ फूट बाय साडेतीन फूट, तेवढी जागा बेसिनने आणखी मागे सरून दिली. काच बसवायला आलेल्या दोन पोरांनी ओळंबा लावला, तर भिंत वरती १२ मिलिमीटर बाहेर. हे मात्र भाऊजींच्या वहीत आधीच होतं, पान एकशे साठ. वरची काच त्या हिशेबाने तिरकी कापून आणली होती, आणि ती भिंतीला अशी बसली की फिटर पोरगा सिलिकॉनची नळी हातात धरून म्हणाला, "काका, तुम्ही आमच्याकडे येता का कामाला?" माझ्या माहितीत कौतुकाच्या एवढ्या शब्दांवर कुणी इतके पेढे वाटलेले नाहीत.

आता नियम आहेत. आंघोळ झाली की प्रत्येकाने काच वायपरने वरून खाली ओढायची, आडवी नाही. मग कोरडं फडकं. आठवड्यातून एकदा व्हिनेगर. वायपर खुंटीला लावताना रबर खाली. पाहुण्यांसाठी दाराच्या आतल्या बाजूला सूचना चिकटवली आहे, तिच्यात सहा कलमं. आम्ही बहिणी तिकडे गेलो की आंघोळ घरूनच करून जातो.

या दिवाळीला पहाटे मी ताईकडे होते. नरक चतुर्दशी, बाहेर अजून अंधार, उटण्याचा वास घरभर. अभ्यंग सासूबाईंच्याच हातचं, हा त्या घरचा रिवाज, भाऊजी चार वर्षांचे असल्यापासूनचा. त्यासाठी मोजमाप कुणीच केलं नव्हतं. साडेतीन फुटांत पाट बसतो, बादली बसते, पण तेल लावणारी आई बसत नाही. शेवटी भाऊजी पाटावर, अर्धे आत अर्धे बाहेर, दार सताड उघडं, बाहेर स्टुलावर सासूबाई, हातात तेलाची वाटी. मनगट पूर्वीसारखं वळत नाही, तरी रगडून लावत होत्या. मग तांब्या आणि गरम पाणी. बादलीतलं निम्मं भाऊजींच्या पाठीवर आणि निम्मं कोरड्या फरशीवर, बेसिनखाली, पायपुसण्यापर्यंत.

भाऊजींनी ते पाणी बघितलं. आईचे पाय बघितले. ते ओले होते आणि खाली खरबरीत नवी फरशी होती. त्यांनी एका हाताने आईचं स्टूल धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने खुंटीवरचा वायपर काढला. काचेवर तेलाचे पाच बोटांचे ठसे उमटले होते, ते बसल्या बसल्या वरून खाली ओढायला लागले.

"अरे, आधी पाठ पूस," सासूबाई म्हणाल्या. "काच कुठे पळून जात नाही."